रात्रीची वही

गेल्या वर्षी तीन दिवस आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत एक शंभर पानी वही, दोऱ्याने बांधलेली एक पेन्सिल आणि स्वयंपाकघरातून निवृत्त केलेले प्लास्टिकचे एक मापाचे भांडे अशी सामग्री मांडून ठेवली होती. दर वेळी लघवी मोजायची, किती वाजले ते लिहायचे आणि किती मिलिलिटर झाली तेही लिहायचे, अशी डॉक्टरांची आज्ञा होती. तीन दिवस, तीन रात्री. आयुष्यभर मी रोजनिशी लिहिण्याचे अनेक संकल्प केले आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते मोडले. पूर्ण झालेली माझी एकमेव रोजनिशी ही अशी निघाली.

डॉक्टरांकडे जायला मला दोन वर्षे लागली होती. साठी ओलांडलेल्या पुरुषाने रात्री तीनतीनदा उठावे यात सांगण्यासारखे काय आहे, असे मीच स्वतःला समजावत होतो. मित्रमंडळींत विषय निघायचा तो विनोदापुरता. कोणी म्हणायचा, मी दोनदा. कोणी म्हणायचा, आमचे शतक होईल. की लगेच हसून पुढचा विषय. लघुशंका हा शब्द तरी किती सभ्य. शाळेत करंगळी वर केली की भागत असे, बोलावेही लागत नसे. मोठेपणी ती करंगळी आपण मुठीत मिटून घेतो. ज्या गोष्टीला नीट उच्चारता येईल असा शब्द नाही, तिची तक्रारही नीट करता येत नाही, असे मला आता वाटते. मी डॉक्टरांसमोर बसलो तेव्हा पहिली पाच मिनिटे गुडघ्याविषयीच बोललो.

पहिल्या रात्रीची नोंद अजून माझ्याकडे आहे. अकराला अंथरुणावर. १२.५० ला २४० मिलिलिटर. २.३५ ला २१०. ४.२० ला १८०. सकाळी ६.१० ला, उठल्यावरची पहिली, १९०. एकूण ८२०. आधीच्या उभ्या दिवसात मिळून भरली होती ८३०. म्हणजे चोवीस तासांपैकी सात तासांच्या झोपेत जवळजवळ निम्मे काम. डॉक्टरांनी या आकड्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाले, "तुमच्या मूत्राशयाची यात फारशी चूक दिसत नाही. तो बिचारा दर वेळी भरल्यावरच उठवतोय. प्रश्न असा आहे की रात्री एवढी लघवी तयारच का होतेय?"

माझी समजूत अर्थात उलटी होती. पुरुष, वय, रात्रीचे उठणे, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथी, हे समीकरण माझ्या डोक्यात पक्के होते. ते कित्येकांच्या बाबतीत खरेही असते. पण ग्रंथी वाढलेली असली किंवा मूत्राशय चिडखोर झाला असला तर एरवी थोडीथोडी होते आणि वारंवार होते. वहीतले आकडे लहान येतात. माझे आकडे भरघोस होते. निरोगी तरुण माणसाच्या मेंदूतून रात्री व्हॅसोप्रेसिन नावाचा स्राव जास्त येतो, तो मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगतो, आणि म्हणून तरुण माणसे सहा-सात तास न उठता झोपू शकतात. वयाबरोबर ही रात्रीची राखण सैल होते. तरुणांत दिवसभराच्या एकूण लघवीच्या एक-पंचमांशाहून अधिक रात्री झाली, आणि पासष्टीपुढे एक-तृतीयांशाहून अधिक झाली, तर ते प्रमाण जास्त धरतात. मी निम्म्यावर होतो. वय एवढ्याचा जिम्मा घेऊ शकत नव्हते.

मी जरा उत्साहाने विचारले, की ती राखण परत आणणारे औषध असेल ना? असते. पण त्याने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, विशेषतः वयस्कर माणसांत, आणि कारण शोधल्यावाचून ते द्यायचे नसते, असे उत्तर मिळाले. मग डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. "घोरता का?" आणि "संध्याकाळी पायांवर सूज येते का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या पत्नीने दिले, आणि ते सविस्तर दिले. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असे होते. पण त्या दुसऱ्या प्रश्नाने मी जो गप्प झालो, तो घरी येईपर्यंत बोललो नाही. माझे पाय सुजत नव्हते. अण्णांचे सुजत.

आम्ही गिरगावातल्या एका चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. अण्णा एका छापखान्यात कंपॉझिटर होते. खिळ्यांच्या तिरप्या केसपुढे उभे राहायचे, डाव्या हातात स्टिक धरायची आणि शेकडो खणांतून एकेक अक्षर उचलून उलटे जुळवायचे, असे ते काम. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत, जेवणाची सुट्टी सोडली तर उभ्याने. घरी आल्यावर ते चपला काढत तेव्हा पट्ट्यांचे वळ पावलांवर खोल उमटलेले असत. माझी धाकटी बहीण त्यांच्या घोट्यापाशी बोट दाबून खड्डा पाडायची आणि तो भरून येईपर्यंत आकडे मोजायची. आमच्या घरातला हा एक खेळ होता. अण्णा डोळे मिटून बसून राहत आणि खेळू देत.

रात्री ते तीनदा, कधी चारदा उठत. मोरी आतल्या खोलीत होती आणि तिथे आई व दोघी बहिणी झोपत. बाहेरच्या खोलीत खाटेवर अण्णा, जमिनीवर मी आणि थोरला भाऊ. मोरीपर्यंत जायचे तर आमच्या पायांवरून, मग त्यांच्या अंथरुणांमधून, अंधारात, आणि तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज होणार तो वेगळाच. म्हणून अण्णा मोरी वापरत नसत. दाराची कडी हळूच काढून गॅलरीच्या टोकाला असलेल्या सामाईक संडासापर्यंत जात. बत्ती लावत नसत. आम्हांला हे ठाऊक होते, आणि आम्ही त्यावर हसतही असू. भावाने त्यांचे नाव 'गस्त' ठेवले होते.

आई कधी हसली नाही. तिला त्या वेळी विचारायचे कोणाला सुचले नाही. अलीकडे विचारले तेव्हा ती म्हणाली, "ह्यांनी कडी काढली की मला जाग यायची. परत येऊन कडी लावली की मग झोप. रोजचंच होतं ते." म्हणजे त्या घरात रात्री चारदा एक नव्हे, दोन माणसे जागी होत होती, आणि त्यातल्या एकाचीच मोजदाद आम्ही विनोदासाठी ठेवली होती. आईची स्वतःची युक्ती निराळी होती. चाळीतल्या बहुतेक बायकांची होती तीच: दिवेलागणीनंतर पाण्याला शिवायचे नाही. तरुण वयात रात्री उठावे लागण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त असते, हे मी आता वाचले. त्यांची चेष्टा मात्र कोणी करत नाही, कारण त्यांनी ते कोणाला कळूच दिलेले नसते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय 'नवेगान्धारणीय' या नावाचा आहे. शरीराचे जे तेरा वेग अडवू नयेत त्यांची यादी त्यात आहे. तिची सुरुवात मूत्रापासून होते. शिंक, जांभई, भूक, तहान, अश्रू असे करत ती शेवटाकडे निद्रेवर येते. प्रत्येक वेग अडवल्याने काय होते हेही दिलेले आहे. झोप अडवली तर जांभया, अंगदुखी, तंद्री, डोक्याचे विकार, डोळ्यांना जडपणा. मूत्र अडवले तर ओटीपोटात दुखणे, लघवीला त्रास, डोके दुखणे आणि आणखी काही. ही यादी मी पूर्वीही वाचली होती. या वेळी वाचताना वाटले की यातले दोन वेग एकाच वेळी, एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिले तर काय करायचे? पहाटे अडीचला अंथरुणात पडल्यापडल्या माणूस नेमका तोच वाद चालवत असतो. उठावे तर झोप जाते. न उठावे तरीही झोप लागत नाही. मी कित्येकदा अर्धा अर्धा तास असा काढला आहे, आणि शेवटी उठलोच आहे. दोन्ही वेग अडवण्याचे फळ एकाच अर्ध्या तासात.

झोपेचा जो भाग यात बुडतो तो कोणता, हेही महत्त्वाचे. गाढ झोप रात्रीवर सारखी पसरलेली नसते. तिचा मोठा वाटा पहिल्या तृतीयांशात येतो. म्हणून पहाटे पाचला एकदा उठणे आणि झोपल्यावर दीड-दोन तासांत उठणे यांत फार अंतर आहे. पहिल्याने फारसे काही बिघडत नाही. दुसऱ्याने रात्रीचा गाभाच फोडला जातो. फिनलंडमधील काही हजार स्त्री-पुरुषांच्या पाहणीवर आधारित एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. रात्री एकदा उठणाऱ्यांना त्याचे विशेष काही वाटत नाही, पण दोनदा उठण्यापासून पुढे जगण्याची प्रत लक्षात येण्याइतकी घसरते, असा त्याचा निष्कर्ष होता. रॉजर एकर्च या अमेरिकन इतिहासकाराने २००५ सालच्या 'ॲट डेज क्लोज' या पुस्तकात दाखवले आहे की औद्योगिक काळापूर्वी युरोपात लोक दोन हप्त्यांत झोपत. मध्यरात्री उठत, लघवीला जात, प्रार्थना करत, गप्पा मारत आणि पुन्हा झोपत. हे वाचून मला काही दिवस मोठा दिलासा वाटला. पण ती माणसे दिवेलागणीला अंथरुणावर जात असणार. अण्णा अकराला जात आणि साडेपाचला नळाचे पाणी भरायला उठत.

अण्णा चिडके होते. ही गोष्ट आमच्या घरात हवेसारखी गृहीत होती. सकाळी त्यांच्याशी बोलायचे नाही, रविवारी दुपारी आवाज करायचा नाही. भावाने एकदा गुणपत्रिका दाखवायला वेळ चुकीची निवडली आणि ती गॅलरीतून खाली गेली. छापखान्यातही त्यांचे मालकाशी खटके उडत; जुळणीत चुका राहतात, दुपारी डुलक्या काढतात, अशी तक्रार होती. हा त्यांचा स्वभाव, असे आम्ही म्हणत होतो. वर्षानुवर्षे दर रात्री चार तुकड्यांत झोपणाऱ्या माणसाचा स्वभाव मुळात कसा असेल, हे आम्हांला दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

जुलै १९८३ मधली एक रात्र. पाऊस तिरपा लागला होता, गॅलरीतली फरशी निसरडी झाली होती, आणि टोकाचा दिवा आठवडाभर बंद होता. आईला कडी काढल्याचा आवाज आला आणि लावल्याचा आला नाही. तीच उठून बाहेर गेली. अण्णा भिंतीला टेकून बसले होते आणि "मुलांना उठवू नकोस" असे म्हणत होते. खुब्याचे हाड मोडले होते. ते सत्तावन्न वर्षांचे होते.

शस्त्रक्रिया झाली आणि पुढे तीन महिने अण्णा खाटेवर होते. आई त्यांना भांडे देई, नेई. आणि या काळात एक गोष्ट घडली जी आम्ही सगळ्यांनी पाहिली आणि कोणीही वाचली नाही. पहिले काही आठवडे सरल्यावर अण्णा रात्री एकदाच, फार तर दोनदा भांडे मागू लागले. काही रात्री तर पहाटेपर्यंत नाही. आई शेजारणीला म्हणाली, "निदान रात्रीचं उठणं तरी थांबलं." त्याच महिन्यांत ते मऊ झाले. आम्हांला जवळ बसवून जुन्या छापखान्यांच्या गोष्टी सांगत, बहिणीला अक्षर सुधारायला शिकवत. अपघाताने माणसाला वैराग्य येते, असे भाऊ म्हणाला आणि आम्हांला ते पटले. डिसेंबरात ते काठी घेऊन कामावर जाऊ लागले. जानेवारीपर्यंत पावलांवरचे वळ परत आले, रात्रीचे तीनदा उठणे परत आले, आणि सकाळी त्यांच्याशी न बोलण्याचा नियमही परत आला.

डॉक्टरांनी तो दुसरा प्रश्न का विचारला, ते त्यांनी मला नंतर समजावून दिले. माणूस दिवसभर उभा राहिला की रक्तातले पाणी पायांच्या शिरांतून आजूबाजूला झिरपते आणि घोट्यापाशी साठते. रात्री आडवे झाल्यावर ते परत रक्तात येते. मूत्रपिंडे ते बाहेर काढू लागतात. घोट्यावरचा तो खड्डा, ज्याचे आकडे माझी बहीण मोजत होती, ते रात्रीच्या चार फेऱ्यांचे पाणी होते. उपायही फार मोठा नव्हता. संध्याकाळी घरी आल्यावर तासभर आडवे पडून पाय उशीवर उंच ठेवले असते, तर त्यातले बरेचसे पाणी झोपण्याआधी निघून गेले असते. अण्णा संध्याकाळी घरी आल्यावर खुर्चीत पाय खाली सोडून बसत.

हे निदान नव्हे, याची मला जाणीव आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान एका खेळाच्या आठवणीवरून करता येत नाही. त्यांची ग्रंथीही वाढलेली असेल, हृदयही थकलेले असेल. त्या वेळी रुग्णालयात लघवीत साखर नाही म्हणून सांगितले होते, एवढे आईला आठवते. पण उभे राहणे थांबले तेव्हा उठणे थांबले आणि उभे राहणे सुरू झाले तेव्हा उठणे सुरू झाले, ही नोंद कोणी न लिहिताही पुरेशी स्पष्ट आहे. कोणीतरी विचारायला हवे होते. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि विज्ञान शाखेत शिकत होतो.

माझे कारण निराळे निघाले. एका रात्रीसाठी बोटाला चिमटा, नाकापाशी नळी आणि छातीला पट्टा बांधून मी घरीच झोपलो. अहवालात आले की माझा श्वास तासाला ३१ वेळा अडत होता किंवा उथळ होत होता. घोरणाऱ्या माणसाचा घसा झोपेत मिटतो, छाती मिटलेल्या घशाविरुद्ध हवा ओढत राहते, त्या ओढीने हृदयाकडे जास्त रक्त खेचले जाते आणि अलिंदाची भिंत ताणली जाते. हृदयाला वाटते, अंगात पाणी फार झाले. मग ते स्वतःच एक संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंडांना मीठ व पाणी टाकून द्यायला सांगते. हृदय हा केवळ पंप नसून अशी ग्रंथीही आहे, हे कॅनडातील आदोल्फो दे बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली उंदरांवरील प्रयोगांतून उजेडात आणले. म्हणजे अण्णा गॅलरीत पडले त्याच्या दोनच वर्षे आधी. लघवीने माझी झोप मोडते असे मी दोन वर्षे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात आधी झोप मोडत होती, दर तासाला तीसतीसदा, आणि लघवी तिच्या मागून येत होती. मी ज्याला आरोपी समजत होतो तो फिर्यादी निघाला.

आता मी नाकावर मुखवटा चढवून झोपतो. यंत्र रात्रभर हवेचा दाब देत राहते. पहिल्या आठवड्यात दोनदा मी ते ओढून फेकले, अजूनही काही रात्री जमत नाही. ज्या रात्री जमते त्या रात्री एकदाच उठतो, बहुधा चारच्या पुढे. पत्नीचे म्हणणे आहे की मी सकाळी आता माणसात असतो. मुलाने या यंत्राला नाव ठेवले आहे, ते इथे सांगत नाही.

आई नव्वदीच्या पुढे आहे आणि आमच्याकडे असते. तीही आता रात्री दोनतीनदा उठते. मी मागे लागून तिची पाणी काढणारी गोळी डॉक्टरांना विचारून रात्रीवरून दुपारवर आणली. दुपारी पाय उशीवर ठेवायला सांगतो तेव्हा ती म्हणते, "पाय वर करून लोळायला मी काय संस्थानिक आहे?" पण ठेवते, मी समोर असेपर्यंत. बोळात रात्रभर जळणारा एक लहान दिवा लावला आहे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आहे. दांडा ती वापरते. दिवा मात्र खोलीतून बाहेर येताच बंद करते, आणि भिंतीला हात लावत अंधारात जाते. उजेड दाराखालून माझ्या खोलीत येतो, तुझी झोप मोडेल, असे तिचे म्हणणे. परवा पहाटे असाच बटणाचा आवाज झाला. मी मुखवटा काढला, आणि न्हाणीघराची कडी निघून तिच्या खोलीचे दार परत लागेपर्यंत पडून ऐकत राहिलो.